नववीचा उंबरठा

महाराष्ट्रातील शाळांत आठवी आणि नववी या इयत्तांमध्ये उन्हाळ्याच्या एका सुट्टीचे अंतर असते. परंतु जो विद्यार्थी इतरांहून वेगळ्या रीतीने पाहतो, ऐकतो, वाचतो किंवा समजून घेतो, त्याच्यासाठी ती सुट्टी संपताना तीन गोष्टी एकदम बदललेल्या असतात. २००९ साली संमत झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम ६ ते १४ या वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे, त्यामुळे नववीत पाऊल ठेवताच त्या कायद्याचे छत्र मागे राहते. प्राथमिक वर्गात दिवसाचा बराच वेळ मुलांसमवेत असणारे, कोणाला फळा दिसत नाही आणि कोण लिहून घेताना मागे पडतो हे ओळखून असणारे वर्गशिक्षक येथे नसतात. त्यांच्या जागी ३५-४० मिनिटांच्या तासिकेपुरते येणारे सहा-सात विषयशिक्षक असतात आणि त्यांपैकी प्रत्येकाला विद्यार्थ्याचा एकेक तुकडाच दिसतो. शिवाय दहावीची मंडळाची परीक्षा आता केवळ दोन वर्षांवर आलेली असते व तिच्या निकालावर शाळेची प्रतिष्ठा ठरत असल्यामुळे, जो विद्यार्थी तो निकाल खाली आणील असे वाटते, त्याच्याकडे पाहण्याची शाळेची दृष्टीही नकळत बदलते. माध्यमिक शाळा सर्वांना सामावून घेणारी करणे हा प्रश्न प्राथमिक शाळेतील त्याच प्रश्नाहून वेगळा आणि अधिक अवघड का आहे, हे या तीन बदलांवरून ध्यानात येते.

‘अध्ययनाच्या विविध गरजा’ हा शब्दप्रयोग आता शिक्षणशास्त्रात रूढ झाला असला, तरी त्याची व्याप्ती पुष्कळदा अपुरी समजली जाते. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि हालचालींवर मर्यादा असलेले विद्यार्थी त्यात आहेतच. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेले, तसेच बुद्धी सर्वसाधारण किंवा तल्लख असूनही वाचन, लेखन वा गणन यांपैकी एखाद्या कौशल्यात सतत अडखळणारे विद्यार्थीही त्यात आहेत. यांखेरीज मेळघाटातील ज्या मुलाच्या घरी कोरकू बोलली जाते किंवा गडचिरोलीतील ज्या मुलीच्या घरी गोंडी बोलली जाते, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही जवळजवळ परकी भाषा असते, कारण कोरकू ही मुंडा कुळातील आणि गोंडी ही द्रविड कुळातील भाषा आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर जाणारे मूल दिवाळीनंतर महिनोन्‌महिने वर्गाबाहेर असते आणि परत येते तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. या सर्वांची कारणे निरनिराळी आहेत, त्यांवरचे उपायही एक नाहीत. परंतु वर्गातील ‘सरासरी’ विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून केलेले अध्यापन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, ही बाब त्यांच्यात समान आहे.

वेगळ्या शाळेपासून एका वर्गापर्यंत

भारतातील विशेष शिक्षणाच्या इतिहासात मुंबईचे स्थान आरंभापासून महत्त्वाचे आहे. कर्णबधिर मुलांसाठीची देशातील पहिली शाळा १८८५ साली मुंबईत सुरू झाली आणि ताडदेव येथील व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा १९०२ पासून कार्यरत आहे. ज्या काळात अशा मुलांना शिकवता येते यावरच समाजाचा विश्वास नव्हता, त्या काळात या शाळांनी ते प्रत्यक्ष शिकवून दाखवले, हे त्यांचे ऋण मान्य करूनच पुढची चर्चा करावी लागते. मात्र अशा शाळा मोठ्या शहरांत एकवटल्या आणि खेड्यातील मुलापुढे घर सोडून वसतिगृहात राहणे किंवा शिक्षण सोडणे एवढेच पर्याय उरले. अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना केंद्र सरकारने १९७४ मध्ये सुरू केली, तेव्हा प्रथमच सर्वसाधारण शाळेचे दार त्यांच्यासाठी अधिकृतपणे उघडले.

येथे दोन शब्दांमधील भेद समजून घेणे आवश्यक आहे. ‘एकात्मिक’ शिक्षणात मुलाला सर्वसाधारण शाळेत प्रवेश मिळतो, परंतु शाळा आहे तशीच राहते आणि तिच्याशी जुळवून घेण्याची जबाबदारी मुलावर पडते; ‘समावेशित’ शिक्षणात ही जबाबदारी शाळेकडे येते, म्हणजे इमारत, पाठ्यपुस्तक, शिकवण्याची पद्धत आणि मूल्यमापन हे मुलांच्या गरजांनुसार बदलले जाते. स्पेनमधील सालामांका या शहरात जून १९९४ मध्ये ९२ देशांच्या प्रतिनिधींनी जे निवेदन स्वीकारले, त्याने हा दृष्टिकोन जगापुढे स्पष्टपणे मांडला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये संमत केला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. या कराराच्या शिक्षणविषयक कलमाचे विवरण करताना संबंधित समितीने २०१६ मध्ये वगळणूक, विलगीकरण, एकात्मता आणि समावेशन अशा चार अवस्था सांगितल्या, आणि वर्गात केवळ बसवणे म्हणजे समावेशन नव्हे, हे निःसंदिग्धपणे नमूद केले. महाराष्ट्रातील बहुसंख्य माध्यमिक शाळा आज या चारांपैकी तिसऱ्या अवस्थेत आहेत, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

कायदा मात्र चौथ्या अवस्थेची अपेक्षा करतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते; त्याची जागा घेणाऱ्या आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले व त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा स्वतंत्रपणे समावेश झाला. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला वयाच्या ६ व्या वर्षापासून १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. शिक्षण हक्क अधिनियमाचे छत्र जेथे संपते, तेथून पुढची चार वर्षे या तरतुदीमुळे सांभाळली जातात. भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत सुगम करणे, अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे, १८ वर्षांपर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य पुरवणे, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक किंवा दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देणे, अशा अनेक गोष्टी या कायद्यात तपशिलाने सांगितल्या आहेत. त्यातील ‘वाजवी सोय’ ही कल्पना विशेष महत्त्वाची आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावा यासाठी, संस्थेवर अवाजवी भार न टाकता केलेला आवश्यक बदल म्हणजे वाजवी सोय. ती ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केले. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या त्या उमेदवाराकडे असे प्रमाणपत्र नव्हते, तरीही लेखनिक मिळण्याचा त्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. शाळांच्या दृष्टीने या निकालाचा अर्थ असा की, ‘प्रमाणपत्र आणा, मग पाहू’ हे उत्तर पुरेसे राहिलेले नाही.

देवनागरी वाचणारा डोळा आणि मराठी मोजणारा कान

२०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद केली. परंतु त्या गणनेतील आठ वर्गांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान नव्हते. माध्यमिक शाळेत सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा गट नेमका हाच असल्यामुळे, त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे योग्य ठरेल.

इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो मुलगा १४ वर्षांचा, बुद्धीने चांगला आणि गणितात तरबेज होता, परंतु लिखित शब्द त्याला ओळखता येत नसत. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर तो शाळेतील सर्वांत हुशार मुलांत गणला गेला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. ‘वाचन अक्षमता’ किंवा डिस्लेक्सिया म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या अडचणीचे हे आरंभीचे वर्णन माध्यमिक वयाच्याच विद्यार्थ्याचे आहे. ‘अध्ययन अक्षमता’ ही व्यापक संज्ञा पुढे १९६३ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल कर्क यांनी रूढ केली. या विषयाचे बहुतेक संशोधन इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर झालेले असल्यामुळे, ‘बी’ आणि ‘डी’ ही अक्षरे उलटसुलट करणे हेच तिचे प्रमुख लक्षण, असा समज मराठी शिक्षकांतही पसरला. मराठी वाचणाऱ्या मुलाची अडखळ मात्र निराळ्या ठिकाणी दिसते.

देवनागरीत उच्चाराचा आणि लेखनाचा क्रम नेहमी एकच असतो असे नाही. ‘धार्मिक’ या तीन अक्षरांच्या शब्दात ‘र’ हा ‘म’च्या आधी उच्चारला जातो, पण रफार होऊन ‘म’च्या डोक्यावर बसतो, ‘इ’ हा स्वर ‘म’च्या नंतर ऐकू येतो, पण त्याची वेलांटी ‘म’च्या आधी लिहिली जाते. एकटा ‘र’ हाच ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘सूर्य’ आणि ‘सुऱ्या’ या शब्दांत चार निरनिराळी रूपे घेतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातील फरक एखाद्या छोट्या गाठीचा किंवा रेघेचा असतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बोलण्यात पुष्कळदा ऐकूच येत नाही, तरी लिहिताना त्यावर गुण जातात. ज्याच्या मेंदूला ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालण्यास अधिक श्रम पडतात, त्याच्यासाठी यातील प्रत्येक ठिकाण थांबण्याचे असते.

दुसरीकडे, मराठी बहुतांशी जशी लिहिली जाते तशीच वाचली जात असल्यामुळे, असे मूल काही वर्षांत अचूक वाचायला शिकते; त्याची अडचण चुकांपेक्षा मंद गतीत शिल्लक राहते. तिसरी-चौथीत पानभर मजकूर वाचायचा असतो तोवर ही मंदगती खपून जाते. नववीत इतिहास, भूगोल, विज्ञान आणि तीन भाषा यांच्या पुस्तकांचा मजकूर एकदम वाढतो, त्याच वेळी इंग्रजीच्या अनियमित स्पेलिंगांचा भार येऊन पडतो, आणि तोपर्यंत ‘बरा’ समजला जाणारा विद्यार्थी एकाएकी मागे पडू लागतो. त्याला आळशी, निष्काळजी किंवा वयामुळे वाहवत चाललेला ठरवले जाते. वस्तुतः जुनीच अडचण नव्या ओझ्याखाली उघडी पडलेली असते, आणि ती ओळखण्याची ही शेवटची संधी असते. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला, पण त्यातील मुलगा प्राथमिक शाळेतला होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलातही हीच अडचण असू शकते, हे समाजाच्या मनावर अजून ठसलेले नाही.

गणनाच्या बाबतीतही मराठीची स्वतःची गुंतागुंत आहे. ‘सत्तावीस’ ऐकताना सात आधी आणि वीस नंतर कानी पडतात, तर लिहिताना दोन आधी आणि सात नंतर येतात. ‘एकोणसाठ’ या शब्दात साठ ऐकू येतात, पण लिहायचे असतात ५९. इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस सात’ अशा पद्धतीने संख्या वाचण्याचा पर्याय दिला गेला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. भाषेच्या अभिमानाचा प्रश्न त्या वादात फार लवकर पुढे आला आणि मुलांच्या अडचणीचा प्रश्न मागे पडला, ही खेदाची गोष्ट आहे, कारण ‘गणन अक्षमता’ असलेला विद्यार्थी नववीतही तोंडी सांगितलेली संख्या उलटी लिहितो आणि रीत बरोबर असूनही त्याचे उत्तर चुकते. गणिताच्या शिक्षकांनी प्रत्येक संख्या उच्चारताना ती फळ्यावर अंकांत लिहिली, तर या चुका बऱ्याच कमी होतील. त्यासाठी कोणतेही अनुदान वा शासन निर्णय लागत नाही.

मराठीतील अडचण मराठीतच तपासली पाहिजे, ही गोष्ट उघड असली तरी तशी साधने दीर्घकाळ उपलब्ध नव्हती. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ या नावाची चाचणी-मालिका तयार केली व तिची आरंभीची रूपे हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आली, हे त्या दृष्टीने मोलाचे पाऊल होते.

सवलत आणि शिकवणे

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याच्या बाबतीत महाराष्ट्र देशात अग्रेसर राहिला आहे. १९९६ पासून राज्यात अशा सवलती अधिकृतपणे मिळू लागल्या आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, लेखनिक, गणकयंत्राचा वापर, एका भाषेतून सूट, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे गणित आणि त्याच्या जोडीला एखादा कार्यानुभवाचा विषय, अशा या सवलतींमुळे असंख्य विद्यार्थी दहावीचा उंबरठा ओलांडू शकले. त्यांना ‘फुकटचे गुण’ म्हणणे अन्यायाचे आहे. चष्म्याने दृष्टीची उणीव भरून निघते आणि पाहणाऱ्याला कोणताही जादा लाभ मिळत नाही, तसेच या सवलतींचे आहे.

असे असूनही सवलत म्हणजे समावेशन नव्हे. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत मिळणारा जादा वेळ त्यामागच्या दोन वर्षांतील तासिकांची भरपाई करू शकत नाही. वर्गात जे समजलेच नाही ते लेखनिकाच्या हाताने लिहिता येत नाही. व्यवहारात मात्र पुष्कळ शाळांची सारी धावपळ दहावीचे अर्ज भरण्याच्या सुमारास सुरू होते, प्रमाणपत्रासाठी पालकांना शहरातील मोठ्या सरकारी रुग्णालयात खेटे घालावे लागतात, आणि प्रमाणपत्र हाती आले की शाळा आपले कर्तव्य झाले असे समजते. लेखनिकाला उत्तर सांगणे हेही एक कौशल्य आहे: वाक्य मनात पूर्ण जुळवून, विरामचिन्हांसह, लिहिणाऱ्याच्या गतीने सांगावे लागते, आकृती शब्दांत वर्णावी लागते, मागे काय लिहून घेतले ते लक्षात ठेवावे लागते. ज्या विद्यार्थ्याला हा सराव नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून मिळालेला नाही, त्याला मार्च महिन्यात अनोळखी केंद्रावर दिलेला लेखनिक फारसा उपयोगी पडत नाही. खालच्या इयत्तेचे गणित निवडल्यास पुढे विज्ञान आणि तंत्रशिक्षणाकडे जाणाऱ्या वाटा अरुंद होतात, ही गोष्टही पालकांना आधीच समजावून सांगायला हवी. तीच सवलत एका विद्यार्थ्याची सुटका असते आणि दुसऱ्याची अकारण बंद झालेली वाट.

शिकवण्यातील बदलाला ज्या विचाराने दिशा दिली, तो मूळचा वास्तुशास्त्रातला आहे. इमारत बांधून झाल्यावर चाकाच्या खुर्चीसाठी उतार जोडण्यापेक्षा, आराखड्यातच सर्वांना वापरता येईल असा प्रवेशमार्ग ठेवावा, ही ‘सार्वत्रिक रचने’ची कल्पना अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी मांडली; पुढे मॅसॅच्युसेट्समधील कास्ट या संस्थेने ती अध्यापनाला लागू केली. एकच आशय एकाहून अधिक रूपांत समोर ठेवणे, समजलेले दाखवण्याचे एकाहून अधिक मार्ग देणे आणि रस निर्माण होण्याची एकाहून अधिक कारणे पुरवणे, असे तिचे सार आहे.

महाराष्ट्राच्या नववीच्या विज्ञानाचा पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’ हा आहे आणि या कल्पनेची पारख करण्यास तो उत्तम आहे. त्यात आरंभीच अंतर आणि विस्थापन, चाल आणि वेग या जोड्या येतात. ‘चाल’ हा शब्द मुलाला चालण्याच्या ढबीसाठी, गाण्याच्या सुरावटीसाठी आणि बुद्धिबळातील खेळीसाठी माहीत असतो, तर ‘विस्थापन’ हा शब्द त्याने ऐकलाच असेल तर धरणग्रस्तांच्या संदर्भात. या शब्दांचा शास्त्रीय अर्थ केवळ व्याख्या पाठ करून मनात उतरत नाही. शिक्षकांनी पाठाच्या आरंभी वर्गाला मैदानावर नेले, दोन विद्यार्थ्यांना एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, एकाला कडेकडेने आणि दुसरीला तिरकस, चालायला लावले, पावले मोजली आणि दोघांचे विस्थापन एकच पण अंतर वेगळे असे दाखवले, तर हळू वाचणाऱ्या मुलाला व्याख्या वाचण्यापूर्वीच तिचा आशय कळतो. मैदानाचा आराखडा पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून केला, तर अंध विद्यार्थी तो बोटांनी वाचतो, आणि कोरकूभाषक विद्यार्थ्याने तीच गोष्ट आधी आपल्या भाषेत सांगून मग मराठी संज्ञेशी जोडली, तर शब्द आणि अनुभव यांची गाठ पक्की होते. पुढे उत्तर कोणी परिच्छेदात लिहील, कोणी आलेखाने दाखवील, कोणी तोंडी सांगेल. तपासायचे आहे ते विस्थापनाचे आकलन, लेखनाचा वेग नव्हे. अशा पाठाचा लाभ वर्गातील इतर चाळीस-पन्नास मुलांनाही होतो, कारण ज्यांना संज्ञा समजल्याविना पाठ होतात अशी मुले प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांचे न समजणे गुणांखाली झाकलेले असते.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक अडसर तंत्राचा आहे. एनव्हीडीए यांसारखा विनामूल्य स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा संगणकीय कार्यक्रम, मराठीही वाचतो; परंतु तो मजकूर युनिकोड या सर्वमान्य संकेतात असावा लागतो. शाळांतील प्रश्नपत्रिका, टिपणे आणि स्वाध्याय अजूनही पुष्कळदा जुन्या फॉन्टमध्ये टंकित होतात किंवा छायाचित्राच्या रूपात पाठवले जातात, आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणारे ते पान या यंत्राला निरर्थक चिन्हांचा ढीग वाटते. मुद्रित पुस्तके दृष्टिहीनांना सुलभ रूपात मिळावीत यासाठी झालेल्या २०१३ च्या माराकेश कराराला जगात सर्वांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारत होता. त्या कराराचे फळ एखाद्या तालुक्याच्या शाळेतील मुलीपर्यंत पोहोचायचे असेल, तर तिच्या शिक्षकांनी युनिकोडमध्ये टंकन करणे हा त्यातला अगदी छोटा पण अटळ भाग आहे. भूमितीच्या तासाला ‘हा कोन आणि तो कोन समान’ असे न म्हणता कोनांची नावे उच्चारणे, फळ्यावर लिहिलेले लिहिता लिहिताच वाचून दाखवणे, या सवयीही तितक्याच आवश्यक आहेत.

कर्णबधिर विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र सरळ नाही, आणि समावेशनाच्या उत्साहात तो सोपा करून मांडणे चुकीचे ठरेल. श्रवणयंत्र शिक्षकांचा आवाज मोठा करते, तसाच पंख्याचा, बाकांचा आणि पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचाही. ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या मुलाशी शिक्षकांचा संपर्क ते फळ्याकडे तोंड करून बोलू लागताच तुटतो. सांकेतिक भाषा ही हावभावांची तात्पुरती सोय नसून स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याने ३,००० शब्दांचा पहिला कोश प्रसिद्ध केला. ज्या सर्वसाधारण शाळेत ही भाषा जाणणारे कोणीही नाही, तेथे एकट्या कर्णबधिर मुलाला दिवसभर बसवणे म्हणजे त्याला गर्दीत एकाकी करणे होय, आणि अशा वेळी सांकेतिक भाषेत शिकवणारी चांगली विशेष शाळाच त्याच्या हिताची असते. २०१६ च्या कायद्यानेही शेजारची शाळा किंवा विशेष शाळा ही निवड खुली ठेवली आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत माध्यमिक अभ्यासक्रमाशी असलेले अंतर दरवर्षी वाढत जाते, हे मान्य करावेच लागते. त्यांच्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे त्या एका विद्यार्थ्याने वर्षभरात काय साध्य करावे याचे पालक, वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी मिळून केलेले लेखी नियोजन, हाच खरा आधार असतो: वर्ग टक्केवारी शिकत असताना त्याने बाजारातील हिशेब आणि सुट्टे पैसे शिकावेत, विषय तोच पण पल्ला वेगळा. स्वमग्न विद्यार्थ्यांना शैक्षणिक आशयापेक्षा अचानक बदललेले वेळापत्रक, घंटेचा कर्कश आवाज किंवा मधल्या सुट्टीतील गोंगाट अधिक त्रासदायक ठरतो, आणि दिवसाचा क्रम आधी सांगून ठेवणे व शांत बसण्याची एक जागा उपलब्ध असणे एवढ्यानेही त्यांचा दिवस सुसह्य होतो.

माणसे, उतार आणि एक अर्ज

हे सारे विषयशिक्षकांनी एकट्याने करावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात समावेशित शाळेवरील स्वतंत्र घटक २०१४ च्या नियमांनंतर आला, म्हणजे आज माध्यमिक वर्गांवर असलेल्या अनुभवी शिक्षकांपैकी बहुतेकांना पदवीच्या वेळी हा विषय शिकवलाच गेला नव्हता. दोष त्यांचा नाही. पण त्यांच्या शेजारी उभे राहणारे कोणी हवे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर निर्णय देताना विशेष गरजा असलेल्या प्राथमिक स्तरावरील १० आणि त्यापुढील स्तरांवरील १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक दीर्घकाळ कंत्राटी तत्त्वावर, गटसाधन केंद्राशी जोडलेले आणि अनेक शाळांत फिरणारे असे राहिले आहेत. जो शिक्षक आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा येतो, तो विद्यार्थ्याची नोंदवही भरू शकतो, पण विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर बसून पुढच्या पाठाची आखणी करू शकत नाही. आणि माध्यमिक स्तरावर नेमकी हीच गरज सर्वांत मोठी आहे.

इमारतीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण नियम स्पष्ट आहे: उताराचे प्रमाण १ ला १२ असावे लागते, म्हणजे जोते दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फूट लांब हवा. सहा-सात फुटांचा, कठडा नसलेला, तपासणीपुरता बांधलेला उतार चाकाच्या खुर्चीला निरुपयोगी आणि धोकादायक असतो. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर असेल आणि उद्वाहक नसेल, तर त्या तुकडीचा प्रयोग तळमजल्यावर घेणे हा वेळापत्रकातला बदल आहे, बांधकामातला नव्हे. मुलींसाठी सुगम स्वच्छतागृह नसणे हे मात्र शाळा सुटण्याचे थेट कारण ठरते, म्हणून खर्चाचा क्रम लावताना ते प्रवेशद्वाराच्या रंगरंगोटीच्या फार आधी यायला हवे.

राहता राहिला परीक्षेचा आणि निकालाचा प्रश्न. दहावीच्या परीक्षेला शाळेत न जाता बाहेरून बसण्यासाठी जो अर्ज भरावा लागतो, तो महाराष्ट्रात ‘सतरा नंबरचा फॉर्म’ या नावाने ओळखला जातो. मध्येच शिक्षण सुटलेल्या प्रौढांसाठी, काम करून शिकणाऱ्यांसाठी ती उपयुक्त व्यवस्था आहे. परंतु दहावीचा निकाल चढा राहावा म्हणून नववीतील मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला नापास करायचे किंवा त्याच्या पालकांना सतरा नंबरचा सल्ला द्यायचा, ही रीतही अनेक ठिकाणी रुळली आहे, आणि वर सांगितलेले विद्यार्थी तिला सर्वांत आधी बळी पडतात. अशा विद्यार्थ्याचे नाव पटावरून गेले की त्याची अडचण कोणत्याही आकडेवारीत उरत नाही. शाळेचा निकाल मात्र शंभर टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. शाळेच्या गुणवत्तेची मोजणी दहावीला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले यावर न करता, नववीत दाखल झालेल्यांपैकी किती जण त्याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झाले यावर केली, तर ही रीत टिकणार नाही. दोन्ही आकडे शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि मंडळाकडे आजही असतात. तोपर्यंत प्रत्येक मुख्याध्यापकांना आणि शाळा समितीला एवढे सांगणे आवश्यक आहे की, ज्या विद्यार्थ्याची दृष्टी, श्रवण आणि वाचनाची गती शाळेने एकदाही तपासून पाहिलेली नाही, त्याच्या पालकांपुढे सतरा नंबरचा अर्ज ठेवण्याचा अधिकार त्या शाळेला नाही.